दोन हजार झाडं आणि पंधरा टन कॉफी

पाकिटावर एका कुटुंबाचा फोटो होता. आजोबा, सून, दोन लहान मुलं, आणि सुनेच्या ओंजळीत कॉफीची लालबुंद फळं. आत हस्ताक्षरात छापलेलं पत्र: आमची दोन हजार झाडं, सगळी गेशा वाणाची, फळं आम्ही घरचेच वेचतो, मध्ये दलाल नाही. चांगल्या कॉफीचे पैसे पिकवणाऱ्याच्या हातात पडावेत असं मला मनापासून वाटतं. विकणाऱ्याने नेमकं तेच हेरलं.

पहिलं पाकीट खरंच सुरेख निघालं, हे आधी सांगतो, कारण फसवणुकीची सगळी मदार त्यावरच होती. जाईसारखा वास, लिंबाच्या सालीची आठवण देणारा आंबटपणा. मी वर्षभराचे पैसे आगाऊ भरले आणि भावालाही भरायला लावले. तिसऱ्या पाकिटापासून कॉफी कडू, जळकट लागू लागली. पाणी जास्त उकळलं असेल, दळण फार बारीक झालं असेल, असं म्हणत मी ग्राइंडर साफ केला, पाणी बदललं. स्वतःलाच दोष देण्यात दोन महिने गेले.

मग एकदा बिया पांढऱ्या कागदावर पसरल्या. गेशाची बी लांबट, टोकाकडे निमुळती. समोरच्या बऱ्याचशा गोलसर होत्या आणि त्यांच्या पोटावरची चीर सरळ होती. कॉफीच्या दोन मुख्य जाती, अरेबिका आणि रोबस्टा; गेशा हा अरेबिकाचाच एक वाण. अरेबिकाच्या बीवर ती चीर बहुधा नागमोडी असते; गोलसर बी आणि सरळ चीर ही रोबस्टाची खूण. रोबस्टा मुळात वाईट नाही, नीट पिकवलेली उत्तम लागते, पण ती गेशा म्हणून विकणं ही चोरी आहे. रोबस्टात कॅफीनही अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं. संध्याकाळच्या एका कपाने भावाची झोप का उडत होती, याचा मला तेव्हा अंदाज आला. पाकिटावर ‘मीडियम रोस्ट’ छापलेलं, आणि बिया काळपट, तेलाने चकाकणाऱ्या. इतकं भाजल्यावर वाणाची आणि मातीची चव जवळजवळ पुसलीच जाते.

सगळ्यात मोठा पुरावा त्यांनीच पाठवला. पुढच्या एका पाकिटातल्या पत्रात अभिमानाने लिहिलं होतं की आता महिन्याला पाच हजार पाकिटं जातात. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. अरेबिकाच्या एका झाडापासून वर्षाला साधारण अर्धा किलो भाजलेली कॉफी मिळते. गेशा तर कमी उत्पन्नासाठीच ओळखली जाते. म्हणजे दोन हजार झाडांची वर्षाची कॉफी फार तर एक टन. पाव किलोची पाच हजार पाकिटं म्हणजे १२५० किलो, तीही एका महिन्यात! वर्षाला पंधरा टन. उरलेली चौदा टन कुठून येत होती?

२००४ साली पनामातल्या स्पर्धेत गेशा पहिली आली, लिलावात विक्रमी भाव मिळाला, आणि तेव्हापासून या नावालाच किंमत आली. ज्याला मागणी तेच नाव खोट्या मालावर चढतं.

मी तीन प्रश्न लिहून पाठवले. तोडणी कुठल्या महिन्यात झाली? फळं धुऊन प्रक्रिया केली की अख्खी वाळवली? पाकिटावर ८८ गुण लिहिलेत, ते कुणी दिले? (शंभरपैकी ऐंशी किंवा जास्त गुण मिळाले की कॉफीला स्पेशालिटी म्हणतात, आणि ते गुण प्रशिक्षित चव-परीक्षक देतात.) उत्तर आलं, ही व्यावसायिक गोपनीय माहिती आहे. तोडणीचा महिना गोपनीय? स्वतः फळं वेचणारा माणूस तो झोपेतही सांगेल. आता मी पैसे भरायच्या आधीच हे विचारतो, आणि भाजल्याची तारीख बघतो. त्या पाकिटांवर ती कधीच नव्हती, फक्त ‘या तारखेपूर्वी वापरा’ एवढंच. वर्षाचे पैसे एकदम भरणं तर बंदच केलं. उरलेले पैसे परत मिळाले नाहीत, पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली.

पैशांपेक्षा तो फोटो जास्त सलतो. ती सून खरी असेल, ती ओंजळही खरी असेल. आपला चेहरा कुठल्या पाकिटांवर छापला जातोय, हे तिला कुणी सांगितलं असेल का?