जुलाबावरची काष्ठौषधी: पाळ एक नंबर, बेलगिरी मात्र फसवी (३ स्टार)

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आमच्याकडे एकाचं तरी पोट बिघडतंच, म्हणून यंदा आधीच मंडईमागच्या काष्ठौषधीवाल्याकडून तीन वस्तू आणून ठेवल्या, कुड्याचं पाळ (म्हणजे कुड्याच्या झाडाचं मूळ), बेलगिरी (बेलफळाच्या गराचे वाळवलेले काप) आणि नागरमोथा. दुकानाचं नाव देत नाही, काका स्वभावाने चांगले आहेत.

पाळ झकास. आजी कोकणातली, ती करायची तसंच सहाणेवर ताकात चार वेढे उगाळलं. कडू म्हणजे किती, नंतर चहासुद्धा कडू लागला! पण तेच हवं, कारण पांढऱ्या कुड्याच्या नावाखाली काळ्या कुड्याची साल खपवतात, ती एवढी कडू नसते.

बेलगिरीचं पाकीट फोडलं तर काप नारिंगी, बोटाला चिकटणारे, वास गोड. म्हणजे पिकलेलं फळ की हो! जुलाबाला कच्चं बेलफळ लागतं, तुरट, वाळलं की डब्यात खडखड वाजणारं, पिकलेल्याने तर उलट पोट साफ होतं. काकांना दाखवलं तर म्हणे "बेल तो बेल". मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चने कच्च्याच बेलाचा काढा लॅबमध्ये तपासलाय, २००९ साली पेपर आला, आणि गंमत बघा, तपासलेल्या ६ बॅक्टेरियांपैकी एकही त्याने मेला नाही, पण पेशींना चिकटणं कमी झालं आणि कॉलऱ्याच्या विषाची पकडही ढिली पडली.

नागरमोथा वासाला छान, वापरायची वेळ आली नाही.

कारण मिस्टरांना त्रास झाला तेव्हा मी पेरूची पानंच उकळली, फुकटची, मागच्या झाडाची. बेलाचा काढा तपासणाऱ्या त्या मुंबईच्या संस्थेनेच पुढे पेरूच्या पानांची पेशंटवरही ट्रायल घेतली, १० पानांचा काढा दिवसातून तीनदा, तर साधारण ७२ तासांत पोट ठिकाणावर, काढा न घेतलेल्यांना १२० लागले. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी थांबलं, पण ओआरएस पहिल्या तासापासून चालू होतं त्यामुळे गुण कशाचा आला ते देव जाणे. धाकट्याला यातलं काहीच दिलं नाही, त्याला डॉक्टरांनी सांगितलेलं ओआरएस आणि झिंक, बस.

बेलगिरी काही परत घेतली नाही, ८० रुपये गेले. मामेसासऱ्यांच्या अंगणात बेल आहे, यंदा फळं हिरवी असतानाच उतरवून गच्चीवर काप वाळवणार. पाळ मात्र त्याच काकांकडून.