एनआयसीएचडी प्रोटोकॉल : मुलांचा जबाब घेताना, मराठीत

अत्याचाराचा संशय असलेल्या मुलाशी नेमकं कसं बोलायचं, हे टप्प्याटप्प्याने सांगणारी ही पद्धत अमेरिकेतल्या एनआयसीएचडी या सरकारी बालआरोग्य संशोधन संस्थेत मानसशास्त्रज्ञ मायकल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी बांधली. ती इंटरनेटवर फुकट मिळते. पाया स्मृतीच्या संशोधनाचा: मूल आपल्या मनाने आठवून सांगतं ते हो-नाहीच्या उत्तरांपेक्षा अधिक भरवशाचं असतं. चार वर्षांची मुलंही असं सांगू शकतात.

जुनी आवृत्ती घेऊ नका, सुधारित घ्या. तिच्यात ओळख आणि विश्वास आधी, बोलण्याचे नियम (जसं, माहीत नसेल तर तसं सांगायचं) नंतर. बुजलेल्या मुलाला याचा फार आधार होतो. नियम नुसते सांगायचे नाहीत, करून घ्यायचे: "माझ्या कुत्र्याचं नाव काय?" यावर "माहीत नाही" आलं की शाबासकी. मग सराव म्हणून गणपती किंवा वाढदिवसाचा दिवस पहिल्यापासून सांगायला लावायचा. हा सराव वेळ वाचवायला गाळला जातो, आणि पुढे मूल एका शब्दात उत्तरं देत राहतं.

मुख्य भागात "काय झालं ते सगळं सांग", नंतर मुलाचाच शब्द धरून: "तू म्हणालीस दार लावलं. दार लावल्यावर पुढे काय झालं?" पर्याय देणारे प्रश्न अगदी शेवटी.

मराठीत घात करतो तो "ना". "त्यानेच केलं ना?" यावर मूल मान हलवतं आणि जबाब कमकुवत होतो. "का गेलीस?" हा तर मुलाला सरळ दोषच वाटतो. "काका" कुणालाही म्हणतात, म्हणून "कोणते काका, त्यांच्याबद्दल सांग" हे विचारायलाच हवं.

एक अडचण कायद्याची. पोक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम २६ नुसार जबाबाच्या वेळी पालक किंवा मुलाच्या विश्वासातली व्यक्ती हजर लागते. ही पद्धत मात्र दोघांच्याच बोलण्यासाठी आखलेली आहे. त्या व्यक्तीला मुलाच्या नजरेआड बसवा. मध्ये बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, हे आधीच सांगा.

सगळ्यात मोठी उणीव प्रशिक्षणात राहते. दोन दिवसांची कार्यशाळा पुरत नाही. मुलाखती तपासून अभिप्राय देणं थांबलं की मुलाखतकार जुन्या सवयींवर परततात, हे लॅम्ब यांच्याच गटाला आढळलं आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ही पद्धत घ्यायची तर दर महिन्याला प्रत्येकाचा एक तरी जबाब ओळख झाकून वाचला जावा आणि मुलाला मोकळेपणी सांगू देणारे खुले प्रश्न किती, उत्तर सुचवणारे किती, हे मोजलं जावं.