जुने मोबाइल गेम: कीपॅडचा हँडसेट की इम्युलेटर?

कन्सोलवरील गाजलेल्या गेमच्या जुन्या जावा मोबाइल आवृत्त्या खेळण्यासाठी जळगावच्या फुले मार्केटात वापरलेला हँडसेट शोधावा, की अँड्रॉइडवर जे२एमई लोडर हा इम्युलेटर, म्हणजे जुन्या फोनची नक्कल करून त्याचे गेम चालवणारे अ‍ॅप, टाकावा, असा प्रश्न भुसावळच्या एका वाचकाने विचारला आहे.

खर्चात इम्युलेटर निर्विवाद पुढे आहे, कारण तो मोफत आहे. टिकाऊपणातही हँडसेट मागे पडतो. नोकिया ६६०० ला लागणारी बीएल-५सी बॅटरी अजून मिळते हे खरे. परंतु खानदेशातील ४५ अंशांच्या उन्हाळ्यात जुनी बॅटरी फुगण्याची धास्ती असते, म्हणून ती काढून ठेवलेली बरी.

खरा पेच उपलब्धतेचा आहे. इम्युलेटरला जार फाइल, म्हणजे गेमची मूळ फाइल, लागते आणि ती कोणी जपलीच नसेल, तर त्याचा काही उपयोग नाही. त्या काळी अनेक गेम ऑपरेटरच्या सर्व्हरवरून थेट फोनमध्ये उतरत असल्याने, सर्व्हर बंद पडल्यावर काहींची प्रत केवळ एखाद्या हँडसेटच्या मेमरीत उरली. जपानमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या आय-मोड या मोबाइल इंटरनेट सेवेवरील कित्येक गेम याच कारणाने दुर्मीळ झाले. त्यामुळे वापरलेला फोन हाती येताच फॅक्टरी रिसेट करण्याची, म्हणजे त्यातले सारे पुसून टाकण्याची, घाई मुळीच करू नये. आधीच्या मालकाने काय ठेवले आहे ते प्रथम पाहावे.

नियंत्रणाच्या बाबतीत मात्र कीपॅडला तोड नाही. टचस्क्रीनवरील आभासी बटणांवर उडीची वेळ हमखास चुकते.

ज्यांना सहज उपलब्ध असलेले गेम फावल्या वेळात खेळायचे आहेत, त्यांनी इम्युलेटर घ्यावा. मूळ बटणांचा अनुभव हवा असेल किंवा हरवलेली आवृत्ती शोधायची असेल, तर हँडसेटच घ्यावा.