इलेक्ट्रॉनिक ड्रम किटवर गाण्यांसोबत वाजवताना: वर्षभराचा अनुभव

घरात मेश (जाळीच्या) पॅडचा इलेक्ट्रॉनिक ड्रम किट येऊन वर्ष होत आलं. पॅडवरच्या फटक्यांचे आवाज काढणाऱ्या डब्यात, म्हणजे मॉड्यूलमध्ये, शेकडो आवाज आहेत, पण चार-पाच सोडले तर बाकीच्यांकडे मी फिरकलेही नाही. रोज लागतं ते ऑक्स-इन, म्हणजे बाहेरचं गाणं मॉड्यूलमध्ये घ्यायचं भोक. फोन जोडायचा, गाणं लावायचं आणि सोबत वाजवायचं. मला किटचा खरा फायदा झाला तो इथेच, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

जोडणीला साधी ३.५ मिमीची स्टिरिओ केबल पुरते. मॉड्यूलला ब्लूटूथ असेल तर फोनवरचं गाणं तसं घेतलं तरी चालतं. ते किंचित उशिरा पोचलं तरी आपण वाजवणार कानावर पडेल त्यावरच. हेडफोन मात्र वायरचाच हवा. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलीसेकंद सहज मागे पडतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलीसेकंदांचा, त्याचा चौथा भाग १२५. म्हणजे काठी पडल्यावर आवाज जवळजवळ पाव ठोका किंवा त्याहूनही उशिरा येणार. असं वाजवत राहिलं तर हात बिघडतो.

मग गाणं आणि ड्रम यांच्या आवाजाचं प्रमाण. गाणं मोठं आणि ड्रम बारीक ठेवले की सगळंच सुरेख वाटतं, कारण रेकॉर्डमधला ड्रमर आपल्याला झाकून घेतो. मी ड्रम वर ठेवते आणि गाणं बेस गिटार नीट ऐकू येईल इतकंच. किक (पायाच्या पॅडलने वाजणारा मोठा ड्रम) आणि बेस एकत्र पडताहेत की नाही, हे तेव्हाच कळतं. हल्ली गाण्यातले ड्रम काढून टाकणारी ॲप्स मिळतात, ती जरूर वापरा. पहिल्या अंतऱ्याआधीच्या म्युझिक पीसमध्ये नुसती व्हायोलिनं उरतात तेव्हा लय धरायला आपल्याशिवाय कुणी नसतं. तिथे माझा सगळ्यात जास्त रियाज झाला.

सत्तरच्या दशकातली हिंदी-मराठी गाणी यासाठी फार गुणी आहेत. तेव्हा वादक स्टुडिओत एकत्र बसून, क्लिकशिवाय, म्हणजे कानात मेट्रोनोमची टिकटिक न घेता वाजवायचे. शेजारी मेट्रोनोम लावून बघा, अंतऱ्यापर्यंत तो आणि गाणं वेगळे झालेले असतात. लय जराशी चढते, गायक ओळीच्या शेवटी रेंगाळतो, आणि आपल्यालाही त्यांच्यासोबत जावं लागतं. नुसत्या क्लिकवर वाजवून हे येत नाही. दादऱ्यातली गाणी घेते तेव्हा हाय-हॅटवर (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) सहाही मात्रा, पहिलीवर किक, चौथीवर स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम), तीही हलकी. डग्ग्याची घुमक मात्र किकच्या पॅडमधून निघत नाही; एकदा दाबला की एकच आवाज. ढोलकीच्या गाण्यांवर मी आता टॉमच (काठीने वाजवायचे घुमणारे ड्रम) वापरते, किक जवळजवळ सोडून देते.

माझ्या किटमध्ये अर्धवट उघडी हाय-हॅट समाधानकारक वाजत नाही. उघडी आणि बंद यांच्या मधलं फारसं काही मिळत नाही. स्नेअरवरचे अगदी हळू फटके मात्र सेन्सिटिव्हिटी वाढवल्यावर छान यायला लागले.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पॅडची टकटक शेजारच्या खोलीपुरती राहते, पण किकचा दणका स्लॅबमधून थेट खाली जातो. खालच्या काकूंनी जिन्यात विचारलंच, "अगं, संध्याकाळी ते धपधप काय असतं गं?" रबरी मॅटने फरक पडला नाही. शेवटी प्लायवुडच्या दोन फळ्यांना भोकं पाडून, मध्ये टेनिसचे बॉल बसवून चौथरा केला. किट त्यावर थोडा डुलतो, पण काकूंच्या घरी जाऊन ऐकलं तेव्हा पंख्याच्या आवाजात दणका बुडून गेला होता. तरीही रात्री नऊनंतर मी पॅडल वापरत नाही.

किट बघायला दुकानात जाल तेव्हा फोन, केबल आणि स्वतःचा हेडफोन सोबत न्या. डेमोचे आवाज ऐकत बसू नका. पाठ असलेलं एक गाणं लावा आणि शेवटपर्यंत वाजवा.