कुंडीविना तुळस-पुदिना: कृषी सेवा केंद्रातली विद्राव्य खते कितपत चालतात?

घरी मातीशिवाय, पाइपात किंवा टबात खताच्या पाण्यावर बेसिल, पुदिना, कोथिंबीर लावणाऱ्याला ऑनलाइन पातळ खताच्या ‘ए-बी’ बाटल्यांची जोडी मिळते. चार-पाच रोपांपुरती ती ठीक आहे. वीस-पंचवीस रोपं झाली की मात्र आपण मुख्यतः पाण्याचे पैसे मोजत असतो. तीच अन्नद्रव्यं कृषी सेवा केंद्रात ठिबकच्या खतांच्या फळीवर असतात, फक्त पुडी बघून उचलायला हवी.

दुकानदार सहसा आधी एकोणीस-एकोणीस (१९:१९:१९) पुढे करतो; पुडीवरचे हे आकडे म्हणजे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के. ते घेऊ नका. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीतले जिवाणू युरिया फोडून देतात, टाकीत ते काम नीट होत नाही. शिवाय युरियाचे आयन होत नसल्याने ईसी मीटरला (पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरला) तो दिसतच नाही; आकडा कमी म्हणून माणूस आणखी खत ओतत राहतो. स्फुरद गरजेपेक्षा जास्त आणि कॅल्शियम शून्य, हे वेगळंच.

घ्यायच्या वस्तू अशा: कॅल्शियम नायट्रेट, १३:००:४५, ००:५२:३४, मॅग्नेशियम सल्फेट, १२ टक्क्यांचं ईडीटीए लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचं चिलेटेड (ईडीटीएसारख्या संयुगाने धरून विरघळलेलं ठेवलेलं) मिश्रण. १२:६१:०० ची गरज नाही, त्यात नत्र अमोनियाच्या रूपात असतं.

दोन कॅन करायचे, प्रत्येकी १ लिटरचे. ‘ए’मध्ये ६० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि १.७ ग्रॅम लोह. ‘बी’मध्ये ४० ग्रॅम १३:००:४५, १५ ग्रॅम ००:५२:३४, ३० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम सूक्ष्म मिश्रण. लोहासाठी स्वयंपाकघरातला काटा चालत नाही, सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा लागतो. टाकीतल्या १० लिटर पाण्यात ‘ए’ १०० मिली घालून ढवळा, मगच ‘बी’ १०० मिली. दोन्ही कॅन एकमेकांत थेट ओतले तर कॅल्शियमची सल्फेट-फॉस्फेटशी गाठ पडते, पांढरा साका तळाशी बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. या मात्रेत साधारण नत्र १४५, स्फुरद ३४, पालाश १९०, कॅल्शियम ११३ आणि मॅग्नेशियम २९ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) मिळतं (स्फुरद-पालाश मूलद्रव्य म्हणून मोजलेले, पुडीवर ते ऑक्साइडच्या हिशेबात असतात). आरओच्या पाण्यात ईसी दीड मिलिसीमेन्सच्या आसपास येते. बेसिल आणि कोथिंबिरीला एवढं पुरतं. पुदिना दोनपर्यंत आनंदाने घेतो. कोवळ्या रोपांना निम्मी मात्रा द्या.

बोअरचं पाणी असेल तर आधी त्याचीच ईसी बघा. तीच ०.८ च्या वर असेल तर आरओ किंवा पावसाचं पाणी मिसळा. आरओ मशीनमधून बाहेर टाकलेलं पाणी मात्र टाकीत नको, क्षार तिथेच एकवटलेले असतात.

स्वस्त टीडीएस पेनचा आकडा परस्पर कुणाला सांगू नये. १.५ ईसी एका पेनवर ७५०, दुसऱ्यावर १०५० दिसते, कारण हे पेन ईसीच मोजून तिला गुणकाने गुणतं आणि तो गुणक ५०० किंवा ७०० असतो. ईसीच वाचणारं पेन घ्या आणि १४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणात तपासा. पीएच पेन ६.८६ आणि ४.०१ च्या पुड्यांनी जुळवायचं. त्याचा बल्ब सुकला की आकडे भरकटतात.

पीएच ५.५ ते ६.५ ठेवा, खत मिसळून झाल्यावरच मोजा. तो चढला तर कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात; लोह टाकीत असूनही मुळांना मिळत नाही, म्हणून आणखी लोह घालून उपयोग नाही, पीएच उतरवा. हेच चित्र जुन्या पानांवर दिसलं तर मॅग्नेशियम कमी आहे.

उन्हाळ्यात रोप खतापेक्षा पाणी जास्त ओढतं. ईसी चढली तर नुसतं पाणी घाला, उतरली तर ए-बी सारख्या मापाने. दोन-तीन आठवड्यांनी टाकी पूर्ण बदला. पाणी २५ अंशांच्या फार वर गेलं की त्यात प्राणवायू कमी उरतो आणि मुळं तपकिरी पडून सडू लागतात. अशा वेळी मात्रा बदलून काही होत नाही, टाकीवर सावली आणि एअर पंप हवा.

एकूण खरेदीत डोकेदुखी एकाच पिशवीची, कॅल्शियम नायट्रेटची. हवेतला ओलावा ओढून ते पावसाळ्यात पाणी सोडतं आणि मग वजनाचा हिशेब चुकतो. ते फोडल्या दिवशीच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा.