ऊसबिल ठेवायचं कुठे? बेळगाव भागातल्या बँका आणि सोसायट्या

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मुदत ठेवीला तीन पर्याय आहेत: मोठी बँक, नागरी सहकारी बँक आणि सौहार्द (कर्नाटकाच्या कायद्याखालची) किंवा मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणारी) सहकारी सोसायटी. या क्रमाने व्याज वाढतं आणि सुरक्षा घटते, असा समज आहे. सुरक्षेचं अर्धंच खरं. रिझर्व्ह बँकेच्या डीआयसीजीसी या महामंडळाचा ठेव विमा (बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणारी भरपाई) स्टेट बँकेला ५ लाखांचा आणि नागरी सहकारी बँकेलाही ५ लाखांचाच. सोसायटीला तो नाहीच, पाटी कितीही मोठी असो.

ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची. त्याआधी १९९३ पासून ती १ लाखावरच होती. तीत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात, आणि लोक नेमके इथेच चुकतात. साडेसात टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने ४,३०,००० चे दोन वर्षांत सुमारे ४,९८,९०० होतात. तेव्हा अशा ठेवीचं मुद्दल ४,३०,००० च्या वर नेऊ नये. दरमहा व्याज काढून घ्यायचं तर ते दुसऱ्या बँकेतल्या खात्यात घ्यावं, कारण एका बँकेतलं एकट्याच्या नावचं बचत, चालू, मुदत सगळं एकाच बेरजेत येतं. शाखा बदलून काही साधत नाही. संयुक्त खात्याचा हिशेब मात्र वेगळा होतो.

हीच बेरीज विलीनीकरणात नडते. सिंडिकेट आणि कॅनरा, दोन्हीकडे पाच-पाच लाख असलेल्याचं विमा कवच १ एप्रिल २०२० ला १० लाखांवरून ५ वर आलं. २००८ च्या आर्थिक संकटानंतर परदेशात वाद पेटला तो मोठ्या बँका तोडण्याचा. ठेवींची बँक आणि गुंतवणुकीची बँक वेगळी ठेवणाऱ्या अमेरिकेच्या १९३३ च्या ग्लास-स्टीगल कायद्यातली ही बंधनं १९९९ मध्ये काढली होती, ती परत आणा म्हणून मागणी झाली. ब्रिटनने २०१९ पासून किरकोळ ठेवींना गुंतवणुकीच्या धंद्यापासून वेगळं कुंपण घातलं. आपण उलट वाटेने गेलो: २०१७ मधल्या २७ सरकारी बँका २०२० मध्ये १२ उरल्या. पिग्मी १९२८ मध्ये सुरू करणारी सिंडिकेटही त्यात गेली.

मोठेपणाचा फायदा विम्याच्या पलीकडे आहे. स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय बुडणं देशाला परवडणार नाही असं रिझर्व्ह बँक मानते आणि त्यांना अनुक्रमे ०.८०, ०.४० आणि ०.२० टक्के जादा भांडवल राखायला लावते. येस बँक या यादीत नव्हती, तरी तिच्यावरची मार्च २०२० मधली पैसे काढण्याची ५०,००० ची मर्यादा दोन आठवड्यांत उठली. पीएमसी ही सहकारी बँक. तिच्यावर सप्टेंबर २०१९ मध्ये १,००० रुपयांपासून सुरू झालेले पैसे काढण्यावरचे निर्बंध जानेवारी २०२२ मधल्या विलीनीकरणापर्यंत चालले. वागणुकीतला हा फरक आम्हाला न्याय्य वाटत नाही, पण ठेव ठेवताना तो मोजावाच लागतो. ५ लाखांवरची रक्कम एकाच ठिकाणी हवी असेल तर मोठी बँक.

५ लाखांच्या आत नागरी सहकारी बँक चांगली. बहुतेक ठिकाणी काउंटरवर मराठी चालते आणि अर्ध्या-पाव टक्क्याचं जास्तीचं व्याजही मिळू शकतं. ठेव विमा कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीमुळे पैसे काढण्यावर निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायला हवी: ४५ दिवस बँकेने यादी द्यायला, उरलेले छाननी आणि वाटपाला. अडतं ते कागदांवर. ठेवीदाराचं संमतीपत्र लागतं, केवायसी पूर्ण लागते आणि पैसे जमा व्हायला दुसरीकडे चालू असलेलं खातं लागतं. पावतीवरचं आणि आधारवरचं आडनाव एकच आहे ना, हे ठेव ठेवतानाच पाहावं. बँकेचं नाव डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधावं.

सोसायटी पिग्मीला आणि हातउसन्यासारख्या छोट्या कर्जाला ठीक. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी ऊसबिल तिथे टाकू नये. तरी ठेवायचंच असेल तर नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे ते विचारा: १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली असेल तर तक्रार राज्याच्या सहकार खात्याकडे, २००२ च्या मल्टिस्टेट कायद्याखाली असेल तर केंद्राच्या सहकार लोकपालाकडे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सोसायटीची तक्रार चालत नाही.