बेल कर्व्ह की चेक-इन?

एखाद्या कंपनीची संस्कृती ओळखायची असेल, तर तिथलं अप्रेझल, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या कामाचं मूल्यमापन, कसं होतं ते आधी विचारावं. एचआर (मनुष्यबळ विभाग) प्रमुखाचा खरा प्रभाव तिथेच दिसतो.

बेल कर्व्ह म्हणजे सक्तीची क्रमवारी. प्रमुख जॅक वेल्च यांच्या काळात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ती गाजली: वरचे २० टक्के, मधले ७०, तळाचे १०. पगारवाढीचं गणित पटकन सुटतं, हे खरं. पण दहाही जण उत्तम काम करत असले, तरी कुणाला तरी तळाला ढकलावंच लागतं. मग अडलेल्या सहकाऱ्यासाठी कोण थांबेल? ज्याला मदत करायची, तोच उद्या आपल्या पुढे जाणार! मायक्रोसॉफ्टच्या एचआर प्रमुख लिसा ब्रमेल यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये ही पद्धत बंद केली, तेव्हा भर सांघिक कामावर होता.

ॲडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने २०१२ मध्येच एचआर प्रमुख डोना मॉरिस यांच्या पुढाकाराने वार्षिक अप्रेझल सोडलं. त्यात मॅनेजरांचे वर्षाला सुमारे ८०,००० तास जात होते. त्याऐवजी आले चेक-इन: रेटिंग नाही, वर्षभर अपेक्षा आणि प्रगतीवर बोलणं.

मी चेक-इनच्या बाजूने आहे. मात्र मॅनेजरला तोंडावर, पण न दुखावता बोलता आलं पाहिजे. ते बहुतेकांना कुणी शिकवलेलंच नसतं. पगारवाढीचे निकषही लेखी हवेत, नाहीतर सगळं साहेबांच्या मर्जीवर जातं. ही दोन कामं एचआरने आधी करावीत, रेटिंग नंतर बंद करावं.